फाट्याफाट्यावर हाक

दादाला मी सायकलवरून तापीकाठी प्रकाशाला नेलं. म्हणजे त्याच्या अस्थी नेल्या, पण वहिनी कुणाला तसं म्हणू देत नव्हत्या. "त्या सायकलवर जाई ऱ्हायनात," असं त्या दारात जमलेल्या बायकांना सांगत होत्या आणि बायकाही माना हलवत होत्या, जणू दादा आत टायरला हवा भरत बसलाय. आमच्या अहिराणीत बायको नवऱ्याला आदराने 'त्या'च म्हणते.

सायकल हे माझंच म्हणणं होतं. भाऊबंदांनी जीप ठरवली होती. मी म्हटलं, जीपमध्ये तो धड कधी बसला होता का? वीस मिनिटांत गाडी थांबवून उलटी करायचा. आम्ही दोघे म्हसावदहून प्रकाशाला सायकलने जायचो, दर हिवाळ्यात एकदा तरी, कितीतरी वर्षं. हायवेने नव्हे. हायवेला ट्रक अंगावरून जातात आणि हॉर्नने डोकं उठतं. आमची वाट आतली होती, शेतांमधून, पाटाच्या कडेने, श्रावणात कावडवाले चालतात ती. श्रावण सरला की त्या वाटेवर कुणी नसतं. एखादी बैलगाडी, फटफटीवर एखादा दूधवाला, बास. दादा देवासाठी जायचा आणि मी रस्त्यासाठी. हे आम्ही एकमेकांना उघड सांगून टाकलं होतं आणि त्यावरून टोमणे मारण्यात निम्मा रस्ता सरायचा.

आमच्या घरात अस्थी नेण्याची एक रीत आहे. गाठोडं जमिनीला टेकवायचं नाही, थांबलं की झाडाला टांगायचं, हे तर बहुतेकांकडे असतं. आमच्याकडे त्याहून एक जास्त. वाटेत जिथे जिथे रस्ता फुटेल तिथे थांबायचं आणि गेलेल्या माणसाला हाक मारून सांगायचं, आता आपण इकडे वळतोय, चल. ओढा लागला तर सांगायचं, पाणी आहे, जपून ये. गेलेला माणूस नवखा असतो, त्याला वाट सुचत नाही. न सांगता वळलात तर तो त्या फाट्यावरच उभा राहतो आणि मग कायमचा तिथलाच होतो. वडील गेले तेव्हा दादाने रस्ताभर अशा हाका मारल्या होत्या आणि मी मागून मान खाली घालून चाललो होतो. समोरून माणसं येत होती, त्यांची मला लाज वाटत होती.

निघण्याच्या सकाळी वहिनींनी लिंबाला टांगलेलं मडकं उतरवून माझ्या हातात दिलं. पांढऱ्या कापडात बांधलेलं, ओंजळीत मावेल एवढं. त्या आणि सुरतहून आलेली पुतणी बसने पुढे जाणार होत्या, घाटावर भेटायचं ठरलं होतं.

"भाऊ, तुम्ही हाई मानतस नही, माले ठाऊक शे," वहिनी म्हणाल्या. "पन फाट्याफाट्याले हाक मारज्यात. त्यासले वाटमा सोडी येऊ नका."

मी तीस वर्षं पोरांना फिटरकाम शिकवलं आहे. यंत्र का वाजतं, का थांबतं, याचं कारण हाताला लागेपर्यंत मला चैन पडत नाही आणि ज्याला कारण नाही त्याच्याशी माझं जमत नाही. पण त्या नऊ दिवसांत वहिनींनी कुणाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. मडकं झोळीत घातलं, झोळी गळ्यात अडकवली आणि निघालो.

पौषातली सकाळ होती. धुकं इतकं की पुढचं चाक दिसत होतं आणि त्यापुढे दहा पावलं. गाव मागे पडलं तसा आवाजही मागे पडला. कापूस वेचून झालेला, नुसत्या काड्या उभ्या. पहिला फाटा आला तेव्हा मी पाय टेकवला, दोन्ही बाजूंना बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि पुटपुटलो, "दादा, डावीकडे." स्वतःचाच आवाज ऐकून मी ओशाळलो आणि जोरात पायडल मारून तिथून सटकलो.

दुसऱ्या फाट्याला जरा बरं झालं. तिसऱ्याला तर मी चक्क बोललो, "दादा, इथे तू एकदा पंक्चर झाला होतास आणि खापर माझ्या पंपावर फोडलं होतंस. चल, उजवीकडे." मग मला ते आवडायलाच लागलं, खरं सांगतो. कुणी नसलेल्या रस्त्यावर, धुक्यात, मी त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत चाललो होतो. नऊ दिवस माणसांच्या गर्दीत मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. चष्मा पुसत पुसत चालवली सायकल.

तेव्हाच कधीतरी तो आवाज माझ्या लक्षात आला.

सायकल उतारावर लागली आणि पायडल थांबवलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक करतं. दोघे जण मागेपुढे चालवत असले की दोन टिकटिकी ऐकू येतात, एक आपली आणि एक मागची, आणि त्या कधी जुळत नाहीत. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली होती, दादा किती मागे आहे ते मी वळून न बघता सांगायचो. त्या उतारावर मला दोन टिकटिकी ऐकू आल्या.

मी पायडल मारलं, दोन्ही थांबल्या. सोडलं, माझी सुरू झाली आणि क्षणभर मागाहून दुसरी. मी मनाशी कारण काढलं. फ्रीव्हीलमधला एखादा खटका झिजला असेल, स्प्रिंग बसली असेल, तो उशिरा पडत असेल. धुक्यात आवाज परततोही. कारण अगदी पटण्यासारखं होतं. तरी मी उतरून बघितलं नाही. मागे वळूनही बघितलं नाही. मी फिटर आहे आणि आवाज येणारं चाक मी बघितलं नाही, यावरून काय ते समजावं.

पुढे ऊस लागला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर, मधून गाडीवाटेएवढा डांबरी रस्ता. वारा नव्हता, पण उसाचं पातं पात्याला घासत होतं. असा आवाज आत कुणीतरी चालत असल्यासारखाच येतो आणि एरवी मी त्याकडे लक्ष देत नाही. त्या दिवशी दिलं. ऊस संपेपर्यंत मी पायडल थांबवलंच नाही, म्हणजे मला दुसरी टिकटिक ऐकावी लागणार नाही.

ऊस संपला की एक भिलाटी आहे, भिल्लांची पंधरावीस कुडाची घरं. तिथेच शेवटचा फाटा. जुना रस्ता सरळ खाली उतरून नाल्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून जायचा. तापीवरच्या बॅरेजचं पाणी मागे फुगल्यापासून हिवाळ्यात ती फरशी पाण्याखाली असते, म्हणून वरच्या अंगाने नवा रस्ता काढलाय. दादाला नवा रस्ता आवडायचा नाही. तो दरवर्षी इथे उतरायचा, फरशी उघडी आहे का बघून यायचा आणि नाही म्हणून हळहळायचा.

धुकं विरलं होतं. ऊन पडलं होतं. आणि भिलाटीत कुणीच नव्हतं. लोक ऊसतोडीला गेले असणार हे मला माहीत होतं, दर हिवाळ्यात जातात. दारांना काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या, चुली अवकाळी पावसाने पडू नयेत म्हणून वर पत्रे टाकलेले. एका ओसरीत लुगड्याची झोळी टांगलेली होती, पोराला निजवायची, रिकामी. ती हलत होती. शेळ्या नाहीत, कोंबड्या नाहीत, कुत्र्याने भुंकावं तर कुत्रंही नाही.

मी फाट्यावरच्या लिंबाच्या फांदीला दादाची झोळी टांगली आणि फरशी बघायला निघालो. निघताना माझ्या तोंडून गेलं, "बस जरा इथे. आलोच."

इतक्या वर्षांची सवय. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, कुठेही, हे मी त्याला म्हणायचोच. मी त्याकडे लक्षही दिलं नाही.

खाली रस्ता सरळ पाण्यात गेला होता. खड्डे, कडेची खडी, पांढरा पट्टा, सगळं तसंच पाण्याखाली जाताना दिसत होतं आणि मग दिसत नव्हतं. पाणी अजिबात हलत नव्हतं. मैलाच्या दगडाचं नुसतं डोकं वर होतं. मला तिथे उभं राहवेना. माझ्या मागून कुणीतरी उतरून येऊन शेजारी उभं राहील असं वाटत राहिलं आणि कुणी आलं नाही, तेही बरं वाटलं नाही. मी चढून वर आलो.

फाट्यावर एक म्हातारी उभी होती. भिलाटीतलीच, हातात पितळेचा तांब्या आणि दोन पेले. कुठल्या घरातून निघाली कळलं नाही. मला बघून तिने एक पेला भरला.

"ले भाऊ, पानी पे," ती म्हणाली. घरी ती भिलीच बोलत असणार, माझ्याशी अहिराणीत बोलली.

"माय, गावमा कोनीच नही का?" मी विचारलं.

"समदा ऊस तोडाले गयात, गुजरातमा. माले ठेई गयात, घरं देखाले."

मी पाणी प्यायलो. तिने दुसरा पेला भरला आणि लिंबाच्या बुडाकडे बघत म्हणाली, "त्याले बी बलाव ना. तो कसाले उनमा बठना?"

"कोनले?"

"तुना संगे उना तो."

माझ्यासोबत आलेला कोण, म्हणून मी लिंबाकडे बघितलं. वर झोळी होती. खाली मुळावर ऊन पडलं होतं आणि तिथे कुणी नव्हतं. त्याच क्षणी मला राग आला. मला भीती वाटली की राग येतो, लहानपणापासून. म्हातारीची दृष्टी गेली असेल, एकटी राहून डोकं फिरलं असेल, असं मी मनात म्हणालो. तिला ते दाखवून द्यायचंच, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून मी मोठ्याने, लिंबाकडे तोंड करून म्हणालो,

"माय, आठे कोनी नही. मी एकलाच शे."

म्हातारी वाद घालत बसली नाही. "बरं," म्हणाली आणि भरलेला पेला लिंबाच्या बुडाशी ठेवून घराकडे वळली. मी झोळी ओढून काढली, गळ्यात घातली आणि नव्या रस्त्याला लागलो. हाक मारली नाही. विसरलो नव्हतो. म्हातारी ऐकेल म्हणून मारली नाही. आत्ताच छातीठोकपणे कुणी नाही म्हणालो होतो, आता कुणाला सांगू, चल म्हणून?

पुढचे पाचसहा किलोमीटर रस्ता सारखा उताराचा आहे, तापीपर्यंत. पायडल मारावंच लागत नाही. फ्रीव्हील वाजत होतं, एक. मी थांबवून बघितलं, सोडून बघितलं. एकच. खटका दुरुस्त झाला म्हणायचा. मडकं छातीवर होतं, झोळीचा बंद मानेला रुतत होता, आणि तरीही मी कुणाला नेत नाहीये असं मला वाटायला लागलं. आम्ही इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, तो मला कधी निर्जन वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला. केळीच्या बागा, पपईच्या बागा, कुठे चालू असलेली मोटर, आणि माणूस म्हणून नाही.

प्रकाशाला घाटावर वहिनी आणि पुतणी वाटच बघत होत्या. गुरुजींनी सगळं मांडून ठेवलं होतं. वहिनींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग झोळीकडे.

"समदा फाट्यासले हाक मारी ना, भाऊ?"

"मारी," मी म्हणालो.

इतकं सोपं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. वहिनींचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी झोळी घेतली, मडकं पाटावर ठेवलं, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि त्याला म्हणाल्या, "बठा आते. उनात ना."

ते मला सहन झालं नाही. बसा, आलात ना, असं त्या रिकाम्या जागेला म्हणत होत्या, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. आणि मी, ज्याचा यातल्या कशावर विश्वास नाही, तिथे उभा राहून घामाने भिजलो.

"वहिनी," मी म्हणालो, "शेवटला फाट्यावर मी हाक नही मारी. आठेच बस म्हनी सांगं आणि निंघी उनू."

म्हातारीसमोर जे बोललो तेही सांगितलं. काही ठेवलं नाही. पुतणी माझ्याकडे बघतच राहिली. गुरुजी म्हणाले की आता वेळ नाही, मागे आणखी दोन घरची माणसं बसली आहेत, आणि असं काही शास्त्रात नाही. वहिनी त्यांच्याकडे वळल्याच नाहीत. रागावल्याही नाहीत, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

"त्या बठेल ऱ्हातीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगं म्हनजे बठेलच ऱ्हातीन. जा भाऊ, लई या. आम्ही आठेच बठतस."

दादाला घेऊन यायला मी परत निघालो. आता सगळा चढ. मी साठीचा माणूस, सकाळपासून पोटात काही नाही, आणि मी उभं राहून पायडल मारत होतो. घसा कोरडा पडला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. एका ठिकाणी, केळीच्या बागेजवळ, रस्त्याच्या मधोमध अंगाला गार लागलं, पाटाजवळून जाताना लागतं तसं, आणि पुढे पुन्हा ऊन. पाट तिथे नाही, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी घाईत होतो. मान खाली घालून तसाच पुढे गेलो.

फाट्यावर पोचलो. सायकल टाकली आणि लिंबासमोर उभा राहिलो. मुळावर ऊन होतं. पेला तिथेच होता, रिकामा. पाणी मुंगळ्यांनी प्यायलं असेल, उन्हाने आटलं असेल, कावळ्याने सांडलं असेल, कारणं हवी तेवढी आहेत.

"दादा," मी म्हणालो. "दादा, चुकलं माझं. चल."

पानही हललं नाही. मी पुन्हा हाक मारली. मग मोठ्याने मारली, अगदी ओरडून. रिकाम्या भिलाटीतून ती हाक परत आली, आणि तिच्या मागोमाग म्हातारी ओसरीवर आली.

"कोनले बलाई ऱ्हायना?"

"मन्हा भाऊले," मी म्हणालो. "तो आठे बठेल व्हता ना?"

"तो?" ती म्हणाली. "तो तं गया. तुन्ही बरीच वाट देखी त्यानी. मंग पानी पिना नि उठना. पायी निंघी गया."

"कथा? खाले, पानीकडे?"

"नही रे. तू गया ना, त्याच वाटखाल." तिने नव्या रस्त्याकडे हात केला. माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "आते तू तिकडथीनच उना ना? तुले वाटमा भेटना नही का?"

मी त्या चढावर मान खाली घालून, धापा टाकत, त्याच्या अंगावरून गेलो होतो. माझी सायकल येताना बघून तो बाजूला झाला असेल. थांबला असेल, मी थांबेन म्हणून. मी तिथे रस्त्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. म्हातारी ओसरीवरून बघत उभी राहिली, जवळ आली नाही.

उठलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. सायकलवर बसायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. तो पायी गेला होता. मी बसलो असतो तर त्याला पुन्हा मागे टाकलं असतं, पुन्हा न बघता. म्हणून सायकल हातात धरून चालत निघालो, डाव्या कडेने. मधला रस्ता मोकळा ठेवला. त्या सबंध उतारावर कुणीही भेटलं नाही. मी हळू चाललो. मुद्दाम हळू.

घाटावर पोचायला मला बराच वेळ लागला. मागची दोन घरं उरकून गेली होती. पाटावर मडकं नव्हतं, गुरुजी सामान आवरत होते, पुतणीचे केस ओले होते आणि वहिनी पायरीवर पाय पाण्यात सोडून स्वस्थ बसल्या होत्या. मला वाटलं, यांनी माझी वाट न बघता उरकलं. मी धापा टाकत म्हणालो, "वहिनी, थांबाले पाहिजे व्हतं ना. त्या पायी येई ऱ्हायनात."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, उशिरा जेवायला येणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

"त्या कव्हाच आठे येई गयात, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "आम्ही तुम्हनीच वाट देखी ऱ्हायंतूत."